खालून वर येणारा निळा

परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, वेरूळ कसं वाटलं? वेरूळ मी पाहिलं नाही. अजिंठाही नाही. बीबी का मकबरा रिक्षातून जाताना लांबून दिसला, तेवढाच. महिनाभर औरंगाबादला राहून ही बाई काय भिंतीकडे बघत बसली होती का, असं आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला, पण झालं होतं तेच. मी एक भिंत बघायला गेले होते आणि तीच बघून आले.

मी कोल्हापूरची. आमच्या गावात चित्र म्हणजे माणूस. फेट्याचा पीळ, गालावरची सुरकुती, म्हातारीच्या नाकातल्या नथीवर पडलेला उजेड, सगळं जसंच्या तसं यायला हवं. मीही तशीच शिकले आणि चांगली शिकले. पण गेली कित्येक वर्षं माझ्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, देऊळ नाही. नुसते रंगांचे पट्टे, कोन, पायऱ्यांसारखे थर. प्रदर्शनात लोक मान वाकडी करून बघतात आणि विचारतात, ‘बाई, ह्याची वरची बाजू कुठली?’ मग हसतात. या प्रश्नाला मी इतक्या वेळा तोंड दिलंय, की हल्ली कुणी मान वाकडी केली की माझ्या कपाळावर आधीच आठी पडते.

म्हणून काझीचा निरोप आला तेव्हा मी दोनदा विचार केला नाही. काझी मुंबईला माझ्याबरोबर शिकायला होता, मी चित्रकलेला आणि तो वास्तुकलेला. आता तो औरंगाबादला इमारती बांधतो. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची कचेरी त्यानं उभी केली होती आणि तिच्या दर्शनी दालनातली मोठी भिंत कोरी ठेवली होती. काय काढायचं ते तू ठरव, असं त्यानं कळवलं होतं. आजवर मला लोकांनी खिळे दिले होते, चित्र टांगायला. अख्खी भिंत कुणी दिली नव्हती. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढली, ब्रश बांधले आणि एसटीत बसले.

छावणी

काझीचं घर छावणीत. लष्कराचा भाग, त्यामुळे रस्ते झाडलेले, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरूचे पट्टे. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या बायकोनं, नसीमभाभींनी, नान आणि कलिया पुढं केला. पिवळसर, मऊ, ताटाएवढा नान आणि मटणाचा तेलकट रस्सा. मी आपलं कोल्हापूरच्या सवयीनं विचारलं, तिखट आहे का घरात? भाभींनी हिरव्या मिरच्यांची बशी आणून माझ्यापुढं ठेवली आणि पदर तोंडाला लावला. पुढं महिनाभर मी जेवायला बसले की ती बशी न मागता यायची. कलियात मिरची कुस्करणारी बाई त्या घरानं त्याआधी पाहिली नव्हती. पाहुण्यांच्या जिभेची चेष्टा करावी, पण तिची सोय आधी करावी, ही त्या घरची रीत मला आवडली.

दुसऱ्या दिवशी काझीनं स्कूटरवरून गाव दाखवलं. दरवाजे, मशिदी, विटांच्या जुन्या कमानी, आणि त्यांच्यामधून धावणारे कारखान्यांच्या बसगाड्यांचे ताफे. आशियात सगळ्यांत जोरात वाढणारं शहर आमचंच, असं तिथला पानवालाही सांगतो. माझं लक्ष मात्र भिंतींकडं होतं. जिथं तिथं चुन्याचे चौकोन मारलेले. भिंत जुनी, काळवंडलेली, आणि मधेच एक पांढरा चौकोन. निरखून बघितलं की त्या पांढऱ्याखालून निळी अक्षरं डोकावायची. नामांतराच्या घोषणा होत्या त्या. रात्री कुणीतरी लिहायचं आणि सकाळी दुसरं कुणीतरी चुना फासायचं.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथल्या विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्याच्या गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. ठराव तसाच पडून राहिला. तेव्हापासून मोर्चे निघतायत, माणसं तुरुंगात जातायत आणि मी गेले तेव्हाही नाव बदललेलं नव्हतं. आम्ही कोल्हापुरात हे पेपरात वाचत होतो, चहा पिताना. तिथं ते भिंतीवर होतं.

चिकलठाणा

काझीची इमारत मला बघताक्षणी आवडली. लांबच लांब, बसकी, उघड्या काँक्रीटची. गिलावा नाही, रंग नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेले, त्यातल्या गाठीसुद्धा दिसतात. मजल्यांचे पट्टे एकमेकांच्या पुढंमागं सरकवलेले आणि मधल्या फटींतून ऊन आत येतं, ते सकाळी एका भिंतीवर आणि दुपारी दुसऱ्या. गावातले लोक तिला ‘अर्धवट राहिलेली इमारत’ म्हणत. मला ती आपल्या जातकुळीची वाटली.

माझी भिंत दालनात शिरताच समोर. बैलगाडी वळवता येईल एवढी रुंद. मी तिच्यापुढं खुर्ची टाकून बसले ती तीन-चार दिवस बसूनच राहिले. तिथं अजून फरशीचं आणि बारीकसारीक काम चालू होतं. त्या कामावरच्या सुमनबाईंनी मला असं बसलेलं बघितलं आणि एकदा पाटी खाली ठेवून विचारलं, ‘ताई, काम कवा सुरू करनार?’

मी म्हटलं, सुरूच आहे.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘आमाला असं काम मिळालं तर बघा कुटं.’

सुमनबाई चाळिशीच्या असतील. उंच, आवाज खणखणीत, चेष्टेचं अंग चांगलं. पायापासून त्या या इमारतीवर होत्या. गवंड्याच्या हाताखाली आधी माती, मग वाळू, मग विटा. आणि सूत धरायचं काम त्यांचं. सूत मारणं म्हणजे काय, ते मी तिथं पहिल्यांदा नीट बघितलं. दोरा कपड्याच्या निळीत घोळायचा, दोन टोकं दोघांनी भिंतीवर ताणून धरायची आणि मधून ओढून सोडायचा. टप् असा आवाज येतो आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेला धरून पुढचं सगळं, दारं, खिडक्या, फरशीची पातळी. आमच्याकडं गवंडी गेरू वापरतात. इथं नीळ. मला ती रेघ फार आवडली. पेन्सिलनं आखलेल्या रेघेत आखणाऱ्याचा हात दिसतो. या रेघेत दोन माणसांचा ताण असतो.

मी पण भिंतीवर सूत मारूनच सुरुवात केली. एक टोक माझ्याकडं, एक सुमनबाईंकडं. पण आखणी झाली आणि रंग लावायला घेतले तेव्हा सगळं मेल्यासारखं दिसायला लागलं. करडा, काळा, राखी. काँक्रीटच्या घरात काँक्रीटचंच चित्र. काझी येऊन बघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, ‘मी ही इमारत कुठून आणली ते बघितलंस का? एकदा कन्नडच्या घाटावर जाऊन ये.’

कन्नड

कन्नडला मी आठवड्याच्या बाजारादिवशी गेले. तसं ठरवून नव्हे, पण बरं झालं. उसाच्या मळीचा वास, लसणाचे ढीग, बांगड्यांची पालं, आणि एसटीतून उतरलेली आख्खी गावंच्या गावं. तिथून जीपनं घाटाच्या कडेला गेले. जीपमध्ये माणसं मोजायची पद्धत नाही. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक माणूस बसला होता, दाराबाहेर अर्धा.

कडेला उतरले आणि काझी काय म्हणत होता ते कळलं. काळा दगड, थरावर थर, प्रत्येक थर खालच्याहून थोडा आत सरकलेला. मधल्या फटींत वाळलेलं पिवळं गवत. वर सपाट माथे, सुरीनं कापल्यासारखे. काझीनं डोंगर उचलून चिकलठाण्याला नेला होता. आमचा सह्याद्री हिरवा, ओला, अंगावर येणारा. हा डोंगर काटकसरी आहे. त्याच्याकडं दगड, गवत आणि ऊन एवढंच भांडवल. मला तो लगेच पटला.

मी कागद पसरून बसले. थोड्या वेळानं मेंढरं आली आणि मेंढरांमागून एक म्हातारा धनगर, भिवाबाबा. त्यानं माझ्या कागदाकडं बघितलं, मग डोंगराकडं, मग पुन्हा कागदाकडं. हे काय हाय, असं त्यानं विचारलं. हा डोंगरच आहे, असं मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. मग त्यानं आपला एडका ओढून माझ्यापुढं उभा केला आणि ह्याला काढा म्हणाला. मी काढला. कोल्हापूरचं शिक्षण कामी आलं. शिंगांचा पीळ, कपाळावरचे केस, डोळ्यातला माज, सगळं आलं. भिवाबाबा इतका खूष झाला, की कागद हातात घेऊन तो दोन पावलं मागं सरकला.

‘हे येतंय व्हय तुमाला?’ तो म्हणाला. ‘मग ते कशाला काढत बसता?’

माझ्याकडं उत्तर होतं. पण ते देण्याआधी त्याच्याच एका शेळीनं माझा सगळ्यांत चांगला कागद कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली होती. आजवरच्या समीक्षकांमध्ये तीच एक अशी, की जिनं चित्र पचवलं. भिवाबाबानं भरपाई म्हणून शेळीच्या दुधाचा चहा केला आणि विस्तवावर हुरडा भाजून दिला. जर्मनच्या वाटीतला तो चहा, राखेचा वास लागलेले दाणे आणि अंगावर यायला लागलेली जानेवारीतली थंडी. एडक्याचं चित्र त्यानं फेट्यात खोचलं होतं.

मग ऊन उतरलं आणि मी ज्यासाठी आले होते ते घडलं. मला वाटायचं अंधार वरून येतो. इथं तो खालून आला. माथे अजून पिवळेधमक होते आणि दरीच्या तळाशी निळी सावली साठली होती. ती वर चढायला लागली. एक थर बुडाला, मग दुसरा, मग तिसरा. गवताचे पट्टे निळे झाले, दगड निळा झाला. वरचं आकाश मात्र पांढरट, त्यात निळ्याचं नाव नाही. मी कागदाला हात लावला नाही, नुसती बघत राहिले. भिवाबाबा म्हणाला, उठा, गाडी जाईल. गाडी गेलीच होती. मग एका ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून, मांडीवर कुणाची तरी कोंबडी धरून मी परत आले, आणि आयुष्यात क्वचितच इतकी आनंदात होते.

पुन्हा चिकलठाणा

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी निळीच्या पुड्या घेतल्या. एवढी नीळ बघून दुकानदारानं विचारलं, लग्नाघरचं धुणं आहे का? ती नीळ सरसात कालवली, थोडा चुना घातला आणि भिंतीच्या तळापासून लावायला सुरुवात केली. सुमनबाई रंगाची बादली धरायच्या. वर पिवळे, करडे, काळे थर आणि खालून चढत येणारा निळा. तळाशी गडद, वर जाईल तसा विरळ. फटींतून दुपारचं ऊन आलं की वरचे पट्टे पेटल्यासारखे व्हायचे आणि निळा आणखी वर आल्यासारखा दिसायचा. दुपारी आम्ही भिंतीपुढंच जेवायचो, सुमनबाईंची भाकरी आणि ठेचा. कारखान्याच्या अतिथिगृहाच्या आचाऱ्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, तुम्ही त्यांच्यात जेवता? मी म्हटलं, त्यांचा ठेचा तुमच्या भाजीपेक्षा चांगला असतो.

चित्र जवळजवळ झालं तेव्हा कारखान्याचे मॅनेजर आले. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. सभ्य माणूस, हळू बोलणारा. त्यांनी माझ्यासाठी पातळ कपातून चहा मागवला, चित्रापुढं उभे राहिले आणि मान वाकडी केली. मी मनात म्हटलं, आता विचारणार.

त्यांनी तेही विचारलं नाही. त्यांनी निळ्याकडं बोट केलं. हा रंग जरा अडचणीचा आहे, म्हणाले. उद्घाटनाला मोठे पाहुणे आहेत, पुढारी आहेत, दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. मला वैयक्तिक काही नाही हो, पण लोक अर्थ काढतात.

काढू द्या, मी म्हटलं.

‘असं करा,’ ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. ‘निळा वर घ्या. वर निळा असला की आकाश वाटतं, कुणी काही म्हणणार नाही. हा असा खालून वर येणारा निळा बरा दिसत नाही.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं वरची बाजू कुठली, आणि पहिल्यांदाच एका माणसाला ती बरोबर कळली होती. कळली म्हणूनच त्याला ती उलटी हवी होती. डोंगरावर निळा खालून येतो, मी तो बघून आलेय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग मी सांगितलं, की तुमची आख्खी इमारत निळ्या रेघांवर उभी आहे. जिथं फरशी आहे तिथं खाली निळी रेघ आहे, जिथं चौकट आहे तिथं मागं निळी रेघ आहे. त्या सगळ्या खरवडणार का?

त्यांनी कप खाली ठेवला. ‘हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?’ त्यांनी विचारलं आणि सुमनबाईंकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई आल्या नाहीत. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, त्यांना आत घ्यायचं नाही असा हुकूम आहे.

उस्मानपुरा

उस्मानपुऱ्यातून आत, मोठ्या रस्त्यामागं सुमनबाईंची वस्ती. मी विचारत विचारत गेले. वाटेत मी घाबरले होते, ते लपवत नाही. माझी भिंत जाईल, फार तर मी कोल्हापूरला परत जाईन आणि पुन्हा खिळे शोधेन. पण माझ्या हट्टापायी या बाईचं काम गेलं होतं. निळा वर नेला तर तिला परत घेतील का, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. मी मनातल्या मनात तो निळा अर्धा पुसलाही होता.

पत्र्याच्या छपराची खोली, पण भिंती निळ्या, चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या. ज्यांचं नाव विद्यापीठाला द्यायचं होतं त्यांची तसबीर मधोमध, तिला ताजा हार. सुमनबाईंनी मला बसायला पाट दिला आणि चहा टाकला. मी सगळं बोलून टाकलं. साहेब काय म्हणाले ते, आणि मी काय करायचा विचार करतेय तेही.

त्या चूल फुंकत राहिल्या. मग त्यांनी आपल्या गावचं सांगितलं. जास्त नाही, थोडंच. गावातल्या त्यांच्या घराच्या भिंतीही अशाच निळ्या होत्या. गडबड झाली तेव्हा आख्खी आळी पेटवली. रात्रभर उसात बसून काढली आणि सकाळी येऊन बघितलं तर निळ्या भिंती काळ्या झाल्या होत्या. त्यानंतर त्या गावी राहिल्या नाहीत. इथं आल्या, पाटी उचलली.

‘ताई, एक सांगू का,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या भिंतीवरला निळा आमचा नव्हताच. म्या रोज बघत व्हते. आमचा लई गडद असतोय, तुमचा सावलीचा हाय. पन सायबानं तो आमचा केला. आता पुसू नका.’

तुमच्या कामाचं काय, मी विचारलं.

‘माझं काम त्या भिंतीला बघून मिळालं व्हतं व्हय? चार हात पुढं दुसरी कंपनी हुबी राहतीय. सूत धरनारं मानूस त्यान्ला बी लागतंय.’

चहा गुळाचा होता. तो पिऊन मी उठले तेव्हा माझा हिशेब संपला होता.

रात्री काझीशी भांडण झालं. तो ओरडला नाही, त्यानं हात जोडले. ‘इंदू, तू निघून जाशील,’ तो म्हणाला. ‘मुझे यहीं रहना है. याच लोकांच्या इमारती बांधायच्यात.’ त्याची भीती मला कळत होती आणि रागही येत होता. मी त्याला विचारलं, तुझ्या इमारतीचा वरचा मजला खाली घे म्हणाले तर घेशील का? नसीमभाभींनी मिरच्यांची बशी आणून ठेवली, पण त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांना सांगितलं, की निळा जिथं आहे तिथंच राहील. ते म्हणाले, ठीक आहे. इतक्या सहज म्हणाले, की मी चक्रावलेच. मग चित्राचं उरलेलं काम केलं, हात धुतले, सामान बांधलं.

उद्घाटन

उद्घाटनाच्या दिवशी माझी दुपारची एसटी होती. एकदा भिंत बघून यावं म्हणून मी सकाळी लवकर गेले. फाटकाला झेंडूची तोरणं, मांडवात खुर्च्या, बँडवाले तोंड पुसत बसलेले. दालनात शिरले आणि थांबले.

निळा नव्हता. कंपनीच्या रंगाऱ्यानं आदल्या संध्याकाळी खालची सगळी भिंत पांढरी केली होती. वरचे पिवळे, काळे थर जागेवर आणि त्यांच्याखाली पांढरा चौकोन. गावभर बघितलेले ते चुन्याचे चौकोन मला आठवले. मी रडले, तिथंच, खांबाला टेकून. एवढी वर्षं वाट बघून मिळालेली भिंत होती ती.

मग मी काझीला शोधून काढलं. तो मांडवात पाहुण्यांसाठी इमारतीचा नकाशा लावत होता. मी त्याला हात धरून आत आणलं. त्यानं भिंत बघितली. त्याच्या इमारतीत, त्याला न विचारता. मग स्कूटरची किल्ली खिशातून काढली आणि निघून गेला.

तो परत आला तेव्हा मागच्या सीटवर सुमनबाई होत्या. पहारेकरी आडवा आला तर त्यानं सांगितलं, माझं काम बाकी आहे, ही माझी कामगार आहे. इतक्या ठणठणीत आवाजात मी काझीला बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सुमनबाईंनी कमरेची चंची सोडली. तीत सुताची गुंडी होती. माझ्या पिशवीत निळीची एक पुडी उरली होती.

आम्ही दोरा निळीत घोळला. पांढऱ्या भिंतीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सुमनबाई. डावीकडं खाली आणि उजवीकडं वर, म्हणजे रेघ चढत जाईल अशी. दोरा ताणला. काझी मधे आला, त्यानं दोन बोटांत दोरा धरला, ओढला आणि सोडला.

टप्.

पांढऱ्यावर आरपार एक निळी रेघ, खालून वर गेलेली. सुमनबाईंनी एक डोळा मिटून तिच्याकडं बघितलं, गवंड्यासारखं.

‘लई सरळ आली,’ त्या म्हणाल्या.

बाहेर बँड सुरू झाला. मोठे साहेब हार घेऊन दालनातून चालले होते, ते थबकले. त्यांचा चेहरा रेघेपेक्षाही ताठ झाला होता. पुसा, ते म्हणाले. शिपाई ओलं फडकं घेऊन धावला आणि त्यानं जोर लावून रेघ घासली. पण नीळ ती, पाणी लागलं की पसरते. रेघेचा पट्टा झाला. त्यानं फडकं पिळून पुन्हा घासलं, तर पट्टा वर सरकला. तो जितका पुसत होता तितका निळा चढत होता, आणि पाहुणे दारात आले होते. पुढच्या पाहुण्यानं भिंतीकडं बघून मान वाकडी केली. त्याला काय सांगायचं ते साहेबांनी बघावं. आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो.

पुढं त्या भिंतीचं काय झालं ते मला माहीत नाही. पुन्हा चुना मारला असेल. त्यांच्याकडं चुना पुष्कळ आहे. पण कन्नडचा डोंगर तिथंच आहे, आणि गावात नीळ अजून दुकानात मिळते. सुमनबाई शेजारच्याच कारखान्याच्या पायावर लागल्या, असं काझीनं कळवलंय. काझीचं पुढचं काम गेलं. त्याला पस्तावा नाही, असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवते.

एसटीत माझ्या शेजारी एक नीटनेटकी बाई बसली होती. माझे दोन्ही तळवे निळेशार बघून तिनं पदर आवरून घेतला आणि थोडी खिडकीकडं सरकली. त्या दिवसांत निळ्या हाताचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागत नव्हता. सुमनबाईंनी निघताना फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. मी तो मांडीवर सोडला. भाकरी मोडली तशी तिच्यावर निळी बोटं उठली. बसथांब्यावर नळ होता आणि कंडक्टर गाडी थांबवायला तयार होता. मी नको म्हटलं आणि तशीच जेवले.